बखर, सातबारा आणि लिनक्स

आपल्याकडे नोंदी ठेवणाऱ्यांची आडनावंच होऊन बसली. गावाचे कागद लिहिणारा तो कुलकर्णी, दफ्तर आणि हिशेब सांभाळणारा तो फडणीस, पत्रं लिहिणारा तो चिटणीस. तलवारवाल्यांच्या वाट्याला पोवाडे आले, लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आडनावं :) पण दोनशे वर्षांनी भांडण निघालं की आपण पोवाडा उघडत नाही, कागद शोधतो.

गेले काही दिवस लिनक्सचा इतिहास वाचतोय आणि दर दोन पानांनी हे जुने कारकून आठवतायत. घरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. लिनक्स हा संगणकाचा गाभा. यंत्र आणि बाकीचे सगळे प्रोग्राम यांच्यामध्ये तो बसतो. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच आहे. तो कुणा एका कंपनीचा नाही, जगभरच्या हजारो लोकांनी थोडं थोडं लिहून तो झाला. मग प्रश्न येतोच, की एवढ्या लोकांनी मिळून लिहिलेल्या वस्तूत कोणी काय लिहिलं आणि का लिहिलं, हे कुठे राहतं?

सुरुवात लिनक्सच्याही आधीची. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बेतलं ते युनिक्स अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जन्मलं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना नवीन यंत्र हवं होतं. ते मिळालं ते कागदपत्रं लिहिण्याची सोय करून देऊ या बोलीवर, आणि पहिले गिऱ्हाईक होते तिथल्या पेटंट खात्यातले टंकलेखक. म्हणजे लिहिण्याच्या निमित्तानेच युनिक्स वाढलं. त्याची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. प्रत्येक आज्ञेला एक छोटं पान. नाव, वापरायची रीत, वर्णन, आणि शेवटी दोन फार सुंदर रकाने. एक 'बग्ज', म्हणजे यात काय बिघडलेलं आहे. दुसरा 'ओनर', म्हणजे याची जबाबदारी कोणाची. आपल्या वस्तूतली खोट आपणच पुस्तिकेत छापायची! आपल्याकडे मिक्सरच्या पुस्तिकेत असा रकाना कधी पाहिलाय?

लिनक्सची सुरुवात मात्र बिनदफ्तरी झाली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते लिहायला घेतलं. लोक ईमेलने सुधारणा पाठवायचे आणि तो हाताने त्या मूळ प्रतीत घालायचा. माहितीची कागदपत्रं लिहायला १९९२ च्या सुमारास वेगळी मंडळी जमली खरी, पण कुठली ओळ कुणाकडून आली याची पद्धतशीर वही नव्हती. दहाएक वर्षं असंच चाललं. नोंदी ठेवणारी पहिली प्रणाली २००२ मध्ये आली, तीही दुसऱ्याच्या मालकीची. तिच्यावरून वाद झाले आणि एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्सने स्वतःच 'गिट' लिहिलं. गाभ्याची आजची अधिकृत वही तिथून सुरू होते. त्याआधीच्या ओळीची कूळकथा विचारली की एकच पहिली नोंद समोर येते, आणि तिच्यापलीकडे ती वही काही सांगत नाही.

दरम्यान ठिणगी पडली होती. मार्च २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला, की आमचं युनिक्स चोरून लिनक्समध्ये घातलंय. आता दाखवा कागद! तेव्हा जुनी टपालं उकरून अमुक तुकडा कुठून आला हे शोधावं लागलं. तो दावा २०२१ मध्ये तडजोड होऊन मिटला. अठरा वर्षं! आपल्या बांधाच्या भांडणांना उगाच नावं ठेवतो आपण.

त्यातून मे २००४ मध्ये एक साधी रीत निघाली. सुधारणा पाठवणाऱ्याने खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून आपलं नाव आणि ईमेल घालायचा. अर्थ असा, की हे देण्याचा हक्क मला आहे. ज्यांच्या हातून ती पुढे जाईल ते आपलंही नाव खाली जोडतात. वर काय बदललं हे असतंच, पण का बदललं हेही लिहावं लागतं. कारण धड लिहिलं नाही तर चांगला कोडसुद्धा परत येतो.

हे वाचताना मला एकदम सातबारा दिसला. जमिनीत बदल झाला की तलाठी फेरफार नोंदवहीत लिहितो, प्रत चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर वेगळी नोंद होते. मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि तो फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर चढतो. लिनक्समध्ये अगदी हेच. सुधारणा सगळ्यांपुढे ठेवायची, हरकती घ्यायच्या, त्या भागाच्या सांभाळकर्त्याने मान्य करायची. गिटला कुठलीही ओळ विचारा, ते तिचा 'फेरफार क्रमांक' सांगतं.

फेरफार आणि बखर यांत फरक आहे तो वेळेचा. मल्हार रामराव चिटणीसांनी शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती महाराजांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली तेव्हा त्यांचा सगळा भर घटनेच्या वेळी लिहिलेल्या अस्सल पत्रांवर होता, बखरींवर ते कडाडून टीका करत. माळ्यावरच्या रुमालांत बांधलेली ती पत्रं वाण्याच्या दुकानात पुडीला जायच्या आत मिळवायची ही त्यांची धडपड. सॉफ्टवेअरमध्येही काम संपल्यावर "नंतर निवांत लिहू" म्हणून लिहिलेली माहिती बखरीसारखी होते. सगळं सरळ, सगळं ठरवून केल्यासारखं. चुकलेल्या वाटा त्यात नसतात. त्या वेळीच लिहिलेल्या नोंदीत असतात.

नोंदीबाहेर काय राहतं तेही महत्त्वाचं. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदार सापडलं. ज्याने ते घातलं तो सुमारे दोन वर्षं भल्या माणसासारखी मदत करून विश्वासाला पात्र ठरला होता. त्या चोरदाराला जागं करणारा तुकडा सार्वजनिक वहीत नव्हताच, वाटायच्या गठ्ठ्यात परस्पर घातला होता. फेरफार न करता सातबारा बदलावा तसं.

आता आपल्याकडचं. बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस (आडनाव पाहा!) यांनी नव्वदच्या दशकात 'पीसीक्वेस्ट' मासिकाच्या सीडीतून लिनक्स गावोगावी पोचवलं. २००१ मध्ये बंगळुरात संमेलन सुरू केलं, पुढे त्याचं नाव 'फॉस डॉट इन' झालं. हळूहळू त्यांचा सूर बदलला. नुसतं वापरू नका, भर घाला. तिथे भाषणांबरोबर प्रत्यक्ष बसून काम करायची सत्रं सुरू झाली. २०१२ चं संमेलन शेवटचं ठरलं, आणि जून २०१३ मध्ये ते गेले. पण त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. लिनक्स गाभ्याची कागदपत्रं चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिशमध्ये आहेत. त्यात भारतीय भाषा नाही.

कोणी आपली गरज लिहून मांडली की काय होतं याचं उदाहरण आपल्या अक्षरांतच आहे. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत पंक्तीचा केवढा फरक! तो अर्धा र संगणकाला कसा कळावा हे युनिकोडच्या नियमांत लिहिलेलं आहे, म्हणून तुम्ही हे वाचू शकताय. 'ॲ' ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी अ ला चंद्र जोडून काम भागवत होतो, आणि अजूनही एका प्रकारे शोधलं तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं सापडत नाही अशी गंमत होते.

सोलापूरकरांना हे सगळं नवं वाटू नये. चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते, आडव्या धाग्याच्या दर ओळीला एक पुठ्ठा. चार्ल्स बॅबेजने गणकयंत्राची कल्पना केली तेव्हा याच पुठ्ठ्यांचा आधार घेतला होता. पुठ्ठा नक्षी विणतो, पण हीच नक्षी का, हा रंग का, धागा तुटला तर काय करायचं, हे तो सांगत नाही. ते विणकराच्या डोक्यात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळवताना अर्जात कृती, हद्द, उगम सगळं लिहावं लागलं, तेव्हा त्यातलं थोडं कागदावर आलं. मागावर बसणारी पिढी आता घटतेय आणि बाकीचं तिच्याबरोबर चाललंय, तेलुगूत, कन्नडात, मराठीत.

असो. इथून अभियांत्रिकी शिकून दरवर्षी कितीतरी मुलं पुण्याला, पुढे परदेशी जातात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच म्हणेन, की पहिली भर कोडचीच हवी असं नाही. एखाद्या पुस्तिकेतली चुकीची ओळ दुरुस्त करून, का दुरुस्त केली ते लिहून, खाली आपलं नाव घालून पाठवा. आणि ज्यांच्या घरी माग आहे त्यांनी यंदा आजोबांना शेजारी बसवून पुठ्ठ्यांच्या एका संचाची माहिती वहीत उतरवून घ्या. 'बग्ज' चा रकाना विसरू नका. तो आजोबाच सगळ्यात चांगला सांगतील.