शार्कचा जन्मदाखला

आपल्या आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला असतो! शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख ठोकून दिलेली. खरं वय विचारलं तर "पणजोबा प्लेगच्या साथीत झाले, काका पानशेतच्या पुराच्या साली" अशी उत्तरं. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी शार्कचं वय शेवटी याच पद्धतीने काढलं. मी पडलो कॉम्प्युटरवाला, माशांशी संबंध ताटापुरता. पण 'एस्टिमेट' म्हटलं की आमचे कान टवकारतात, म्हणून हा लेखप्रपंच.

घोळ, ढोमा अशा माशांच्या डोक्यात पांढरे खडे असतात. ते कापले की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, ती मोजली की वय कळतं. शार्कचा (आपल्या मुशीचाही) सांगाडा मात्र कूर्चेचा, आणि असे खडे नाहीत. मग मणके कापून त्यातली वर्तुळं मोजायची. पण वर्षाला एकच वर्तुळ पडतं हे कशावरून?

याचं उत्तर अणुबाँबने दिलं! १९५० नंतर हवेत इतक्या चाचण्या झाल्या, की १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. त्याच वर्षी हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. तो कार्बन समुद्रात उतरला, माशांच्या शरीरात गेला आणि तिथेच कोरला गेला. थोडक्यात, टाइमस्टँप! १९९३ मध्ये कॅलिश यांनी माशांच्या खड्यांवर ही युक्ती वापरली. २००२ मध्ये कॅम्पाना आणि सहकाऱ्यांनी ती पोरबीगल शार्कच्या मणक्यांवर वापरली आणि २६ वर्षांपर्यंत वर्तुळांचा हिशोब बरोबर निघाला. मात्र २००७ मध्ये न्यूझीलंडच्या पोरबीगलने धक्का दिला. साधारण विशीनंतर वर्तुळं वय कमी दाखवत होती, आणि हा मासा ६५ वर्षांपर्यंत जगत असावा असं दिसलं. २०१४ मध्ये अटलांटिकमधला एक ग्रेट व्हाइट नर ७३ वर्षांचा निघाला.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे ग्रीनलंड शार्क. याचे मणके इतके मऊ, की वर्तुळंच नाहीत. १९३६ मध्ये खूणचिठ्ठी लावून सोडलेला एक शार्क १९५२ मध्ये पुन्हा सापडला. सोळा वर्षांत वाढला किती? फक्त ८ सेंटीमीटर! मग पाच मीटरच्या शार्कचं वय किती असेल, करा विचार.

२०१६ मध्ये युलियस निल्सन या डॅनिश संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी डोळ्याच्या भिंगाकडे मोर्चा वळवला. भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. अठ्ठावीस माद्या तपासल्या. बाँबचा कार्बन फक्त सगळ्यात लहान दोन-तीन माद्यांत सापडला, बाकीच्या त्याआधीच्या. सर्वांत मोठी ५०२ सेंटीमीटरची मादी निघाली अंदाजे ३९२ वर्षांची, अधिक-उणे १२०.

एवढा मोठा फरक बघून आमचा प्रोजेक्ट मॅनेजर बेशुद्धच पडेल! पण कमीत कमी २७२ धरली तरी तिचा जन्म १७४० च्या आसपासचा, म्हणजे थोरले बाजीराव गेले तो सुमार. मधला आकडा धरला तर शिवजन्माच्याही आधीचा.

हा नुसता चमत्कार नाही. याच अभ्यासानुसार ही मादी वयात येते सुमारे १५० व्या वर्षी. आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत यकृताच्या तेलासाठी हे शार्क भरमसाट मारले गेले. त्यानंतर जन्मलेल्या माद्या अजून वयातच आलेल्या नाहीत! पोरबीगलचंही तेच. १९६१ मध्ये वायव्य अटलांटिकमध्ये त्याची मोठी मासेमारी सुरू झाली आणि सहा-सात वर्षांत कोसळली. दरवर्षी किती मासे पकडायचे हा आकडा वयावरच ठरतो. वय कमी धरलं, की पिढ्या भराभर भरून येतील असं वाटतं आणि जाळी जास्त पडतात.

आमच्या धंद्यात एस्टिमेट चुकलं तर रिलीज दोन महिने पुढे जाते, फार तर क्लायंट ओरडतो. इथे चुकलं तर भरपाईला दीडशे वर्षं लागतात. तेव्हा पुढच्या वेळी मत्स्यालयात मुलांनी "हा केवढा आहे?" विचारलं, तर लांबी सांगून थांबू नका. त्याच्या वयाचीही गोष्ट सांगा.