वीस मीटरची वाट

दिवाळीत अंगणात किल्ला करणारी पोरे पाहिली, की आम्हां शिक्षकांना एक जुनी गोष्ट पुन्हा आठवते. बुरूज एकदा ढासळल्याखेरीज माती किती भिजवावी ते कळत नाही. विद्यापीठात यंत्रमानव घडविणाऱ्या विद्यार्थ्यांचीही हीच रीत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका गाडीची कथा ऐका.

यंत्रमानव म्हटला, की आपल्यापुढे हातपाय असलेला पोलादी पुतळा उभा राहतो. ही तर सायकलच्या चार लहान चाकांची साधी गाडी! जेम्स ॲडम्स या विद्यार्थ्याने ती १९६०-६१ च्या सुमारास बांधली आणि तिच्यावर दूरचित्रवाणीचा कॅमेरा बसविला. चंद्रावरची गाडी पृथ्वीवर बसून हाकता येईल काय, हा त्याचा प्रश्न होता. चंद्रापर्यंत संदेश जाऊन परत यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. तेवढा विलंब त्याने मुद्दाम मध्ये घातला. तेव्हा दिसून आले, की ताशी सुमारे ३०० मीटरहून अधिक वेग घेतला, तर गाडी हाती राहत नाही. रांगते मूलही याहून चपळ असते!

मग गाडीनेच पाहावे आणि गाडीनेच वाट ठरवावी, हे ओघानेच आले. पुढे रॉडनी श्मिट या विद्यार्थ्याने तिला जमिनीवरची पांढरी रेघ धरून चालायला शिकविले. पण १९७३ साली, माणूसच तिला दुरून हाकीत असताना, ती उतारावरून कोसळली. बॅटरीतले आम्ल तिच्या पोटात पसरले.

एखाद्याने ती अडगळीत टाकली असती. हान्स मोरावेक या विद्यार्थ्याने तिला पुन्हा उभे केले. त्याने कॅमेरा एका दांडीवर सरकता बसविला. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळची झाडे झरझर मागे पळतात आणि दूरचा डोंगर जागीच राहतो; तेच तत्त्व. कॅमेरा थोडा थोडा सरकवून नऊ चित्रे घ्यायची आणि कोणती वस्तू किती हलली, त्यावरून तिचे अंतर काढायचे. हे गणित करणारा संगणक गाडीवर मावणारा नव्हता. तो प्रयोगशाळेत बसून बिनतारी संदेशाने हुकूम सोडी. एक मीटर पुढे सरकायला दहा-पंधरा मिनिटे लागत. उघड्यावर तर गाडी विचार करीत असतानाच उन्हाबरोबर सावल्या सरकत आणि तिचा हिशेब चुके!

अखेर १९७९ साली, खुर्च्या मांडलेल्या खोलीतून सुमारे वीस मीटरची वाट तिने माणसाच्या मदतीवाचून पार केली. वेळ लागला सुमारे पाच तास. पहिल्या विद्यार्थ्याच्या हातून उभी राहिलेली गाडी तिसऱ्याच्या हाती स्वतःची वाट शोधू लागली, आणि मध्ये जवळजवळ वीस वर्षे गेली. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात ती आज जपून ठेवली आहे.

आमच्या अंगणातला बुरूज काल रात्री पुन्हा ढासळला. आज सकाळी पोरे आली, ती पाण्याची बादली अर्धीच भरून.