पांढरी धामण



श्रावण लागला की आपल्या हिंगोलीकडे सापाचा विषय निघतोच. औंढ्याला नागनाथाचं ज्योतिर्लिंग. घरोघर नागपंचमीला पाटावर गंधानं नाग काढतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, जमिनीला फाळ लावायचा नाही. इतका मान आपण नागाला देतो. आणि दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या बांधावरून धामण सळसळत गेली की काठी कुठं आहे ते शोधतो!

धामण तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. पुरुषभर लांब, कधी त्याहून जास्त, पिवळसर तपकिरी अंगाची आणि पळायला मोठी चपळ. तिला विष नाही. दातही असे नाहीत की माणसाला अपाय व्हावा. फार तर ओरखडे उठतील. पण तिच्यावर आळ किती! म्हणे ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. म्हणे नाग हा नर आणि धामण ही त्याची मादी. यातलं एकही खरं नाही. सापाला आचळ ओढता येईल असे ओठच नसतात. आणि धामणीत नर वेगळा, मादी वेगळी, नागातही तसंच. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून अर्ध्या उभ्या राहिलेल्या दिसतात, तेव्हा लोक त्याला सापांचं लगीन समजतात आणि वर नवं कापड टाकतात. ती बहुधा दोन नरांची कुस्ती असते.

ही झाली नेहमीची धामण. पण एखाद्या वेळी अंगावर काळा-तपकिरी रंगच नसलेली, पांढरीफेक आणि लाल डोळ्यांची धामणही जन्माला येते. तशी दिसली की गावात काय होतं ते सांगायला नको. कुणी म्हणतो देव प्रगटला, कुणी म्हणतो हा धनावरचा साप. हळदकुंकू येतं, नारळ फुटतात आणि गर्दीत तो जीव अर्धमेला होतो. साध्या धामणीला काठी आणि पांढऱ्या धामणीला आरती! ही पांढरी धामण येते कुठून? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपल्याला थेट जपानात जावं लागतं, कारण तिथल्या एका गावानं अशा सापांची शेकडो वर्षं सोबत केलेली आहे.

त्या गावाचं नाव इवाकुनी. निशिकी नावाच्या नदीवर ते वसलेलं आहे. पाच कमानींचा एक लाकडी पूल तिथं आहे, तो १६७३ सालापासून प्रसिद्ध. जपानात घराभोवती हिंडणारा, उंदीर खाणारा एक मोठा साप असतो, आओदाइशो. जात वेगळी, पण काम आपल्या धामणीचंच. रंगानं तो हिरवट-तपकिरी. इवाकुनीत मात्र त्याचे पांढरे भाऊबंद दिसू लागले. १७३८ सालच्या नोंदीत तिथल्या सरदाराच्या वाड्याच्या दरवाजाशी पांढरा साप सापडल्याचा उल्लेख आहे.

आता पाहा, रानात पांढऱ्या सापाचं आयुष्य ते किती? हिरव्या गवतात तो लांबूनच उठून दिसतो. घारीला दिसतो, मुंगसाला दिसतो, आणि उंदरालाही आधीच दिसतो. म्हणून असा साप बहुधा पिल्लूपणातच संपतो. इवाकुनीत तो टिकला, त्याला कारण भाताची कोठारं. सरकारसारा भाताच्या रूपानं यायचा, तो साठवायला मोठाली कोठारं होती. भात आला तिथं उंदीर आले, उंदरांमागं साप आले. कोठारातल्या अंधारात घार नाही. आणि माणसानं हात उचलला नाही, कारण पांढरा साप हा बेन्झाइतेन देवीचा दूत, अशी तिथली श्रद्धा. ही बेन्झाइतेन कोण, ते ऐकून गुरुजींना गंमत वाटेल. ती आपली सरस्वती! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानात गेली, हाती वाद्य घेऊनच गेली. दसऱ्याला आपली पोरं पाटीवर जिची पूजा करतात, तिच्याच नावानं तिकडं साप वाचले.

श्रद्धेनं इथं काम चांगलं केलं, हे कबूल करायला हवं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. इवाकुनीच्या लोकांनी सापाला पाटीत घालून दारोदार फिरवलं नाही, दूध पाजलं नाही. त्यांनी त्याला त्याचं उंदीर मारण्याचं काम करू दिलं, एवढंच.

१९२४ साली जपान सरकारनं या सापांच्या वस्तीला राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा दिला. १९७२ साली तो दर्जा खुद्द सापांना मिळाला. मधल्या काळात मात्र सापांची संख्या घटत गेली. जुनी कोठारं गेली, दगडी गडगे गेले, सिमेंटची घरं आली. साप राहील कुठं आणि खाईल काय? तेव्हा गावकऱ्यांच्या संरक्षण मंडळानं त्यांना बंदिस्त जागेत पाळून, अंडी उबवून, पिल्लं वाढवायला घेतली. कोठारानं आपसूक केलेलं काम आता माणसाला मुद्दाम करावं लागलं.

पण रंग जातो कुठं? हे समजायला मेंडेल या पाद्र्याचा वाटाणा आठवा. त्यानं १८६६ साली आपलं लिखाण छापलं, ते १९०० सालापर्यंत कुणी फारसं वाचलं नाही. त्याचं म्हणणं वर्गात समजावायला चिंचोके पुरे. दोन चिंचोके फोडून त्यांच्या एकेक डाळिंब्या घ्या, एक बाजू काळी, एक पांढरी. एक डाळिंबी बापाची, एक आईची. दोन्ही एकदम टाका. एक जरी काळी पडली तरी पिल्लू रंगीत, कारण काळा रंग करण्याची कृती एका बाजूनं मिळाली तरी भागतं. दोन्ही पांढऱ्या पडल्या तरच पिल्लू पांढरं. पुष्कळ वेळा टाकून मोजा. चारात एकदा असं पडेल. म्हणजे आई तपकिरी, बाप तपकिरी, दोघांच्याही पोटात पांढरा रंग लपलेला. अशा प्राण्याला शास्त्रज्ञ अल्बिनो म्हणतात. रंगद्रव्य नसल्यानं डोळ्यातलं रक्त दिसतं, म्हणून डोळा लाल. हे कोड नव्हे, रोग नव्हे आणि चमत्कारही नव्हे.

सापाच्या बाबतीत हे प्रत्यक्ष करून दाखवलं ते अमेरिकेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञानं. जॉर्जिया राज्यातल्या व्हॅल्डोस्टा गावचे डॉ. बर्नार्ड बेक्टेल. दिवसा माणसांची कातडी तपासायची आणि घरी सापांची! तिकडंही धामणीसारखा उंदीर खाणारा एक साप आहे, मक्याचा साप म्हणतात त्याला. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात त्यातला एक अल्बिनो नर सापडला. बेक्टेल यांनी त्याची साध्या मादीशी जोडी लावली. १९६१ साली बंदिस्त जागेत अंड्यांतून काळा रंग नसलेली पिल्लं बाहेर आली, आणि पुढल्या वर्षी बेक्टेल पतिपत्नींनी मिळून तो निष्कर्ष शास्त्रीय मासिकात छापला. मेंडेलचा हिशेब सापालाही लागू पडला. एक बारकावा सांगतो: या सापाच्या अंगात तांबडा-पिवळा रंग वेगळा तयार होतो, म्हणून काळा गेला तरी तो पांढरा न दिसता नारिंगी दिसतो.

तिथून पुढं तो एक धंदाच झाला. घरात साप पाळण्याची हौस असलेल्या देशांत रंगांच्या जोड्या लावून नवेनवे साप काढतात आणि विकतात. मला स्वतःला त्यात फारसं कौतुक वाटत नाही; पण बेक्टेल यांचं काम मात्र नेटकं, पुराव्याचं होतं.

आपल्याकडे ती वाट बंद आहे आणि ते बरं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं धामण धरणं, पाळणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे, मग ती तपकिरी असो की पांढरी. एके काळी धामणीच्या कातड्याचे पट्टे-पाकिटं होऊन परदेशी जात. १९७६ साली सापाच्या कातड्यांची निर्यात बंद झाली.

आता पुन्हा आपल्या शिवारात या. आपल्याकडे पेवं होती, बळदं होती, कणग्या होत्या. इवाकुनीचं भाताचं कोठार आणि आपलं ज्वारीचं पेव यांत उंदराच्या दृष्टीनं काय फरक? आज पेवं बुजली, पण हळदीचे ढीग आहेत, सोयाबीनची पोती आहेत, आणि उंदीर होते तिथंच आहेत. धामण बिळात शिरून त्यांना पिल्लांसकट खाते. मांजराला ते जमत नाही.

आणि पांढऱ्या धामणीचं म्हणाल, तर चिंचोक्यांचा हिशेब विसरू नका. तिचे आईबाप तपकिरी असतात. ज्या बांधावर ती दिसली, त्याच बांधावर तिची भावंडंही असतात, अगदी साधी दिसणारी. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटी तोच रंग लपलेला असतो. आपण नारळ फोडून परत येतो आणि वाटेत आडवी आलेली तिची बहीण ठेचतो.

मादी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत केव्हातरी आठ-दहा, कधी पंधरा अंडी घालते. उंदराचं जुनं बीळ, पोकळ बुंधा, पाल्याचा ढीग, अशा जागी. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं फुटतात. बांध साफ करताना लांबट, पांढरी, एकमेकांना चिकटलेली अंडी दिसली तर वरची माती पुन्हा ओढून घ्या आणि ती उलटीपालटी करू नका. पिल्लू तपकिरी असो की पांढरं, आतून कवच चिरून ते आपलं आपण बाहेर येतं.