आमची बंडी आणि पोराचा ट्रेलर

छोट्या रेल्वेवरचा माझा लेख वाचून काही जणांनी "आता बंडीवर लिहा" असं सुचवलं होतं. लिहीन लिहीन म्हणता राहून गेलं. या दिवाळीत घरातच एक वाद निघाला आणि विषय आपोआप हाती आला.

धाकटा मुलगा नागपूरला नोकरीला आहे. त्याच्याकडे फोर बाय फोर जीप आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर एक ट्रेलर दाखवला. जीपच्या मागे जोडायचा, कच्च्या वाटेनं, नदीनाल्यातून ओढत न्यायचा. आत दोघांची झोपायची सोय, वर टपावर तंबू, मागचं दार उघडलं की शेगडी आणि भांडी ठेवायचा ओटा, खाली पाण्याची टाकी. किंमत सात लाखांच्या घरात. अर्धे पैसे त्याचे, अर्धे माझ्या एफडीतून.

मी म्हटलं, "कायले पायजे?"

तो म्हणाला, "बाबा, मोठ्या बाबांना महादेवाला न्यायचं आहे ना."

इथं मी गप्प झालो. माझे मोठे भाऊ आता ८४ वर्षांचे आहेत. सौंसरजवळच्या आमच्या गावीच राहतात. मी नोकरीच्या निमित्तानं पांढुर्ण्यात आलो आणि इथलाच झालो. दोन वर्षांपासून भाऊंचं एकच म्हणणं आहे. एकदा बंडीच्या वाटेनं महादेव करायचा. मोटारीनं भुर्रकन जाऊन यायचं नाही. वाटेत मुक्काम करत जायचं.

नवीन मुलांसाठी थोडं सांगतो. आपल्या भागात 'बैलगाडी' हा शब्द पुस्तकात होता. घरी होती ती बंडी. माल वाहायची, जड, मोठ्या चाकांची. एकदोघांना लवकर कुठं जायचं असेल तर हलकी रेंगी. सधन घरी बायामाणसांसाठी वरून झाकलेली दमणी असायची. आमच्या घरी दमणी नव्हती. बंडी एकच, आणि तिलाच सगळी कामं. शेतात खत नेणं, कापूस-ज्वारी आणणं, संत्र्याची तोड निघाली की माल बाजाराला पोचवणं, आजारी माणसाला सौंसरच्या दवाखान्यात नेणं, पोरीला सासरी पोचवणं. माघ महिन्यात तीच बंडी आमचं घर व्हायची.

महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला जाण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचं मध्य भारताच्या डोंगररानावरचं पुस्तक १८७१ साली निघालं, त्यातही या यात्रेचं वर्णन आहे. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढायच्या आणि तो महादेवाला वाहायचा. नागपूर, वर्धा, अमरावतीकडची माणसंही आपल्याच वाटेनं वर जात.

मी ही यात्रा बंडीनं एकदाच केली, १९६१ साली. मी ११ वर्षांचा, भाऊ २० चे. आठ दिवस आधी तयारी सुरू झाली. सुतारानं आरे ठोकून पाहिले. एका चाकाची धाव सैल झाली होती. लोहारानं ती गोवऱ्यांच्या आगीत लाल केली, चाकावर चढवली आणि वरून पाणी ओतलं. लोखंड आकसलं की लाकूड असं आवळलं जातं की खिळ्याची गरज नाही. मग बंडीवर बांबूच्या कमानी, त्यावर तट्टे, त्यावर ताडपत्री. खाली कुटार पसरून वर वाकळा. बाजूला ज्वारीचं पीठ, डाळ, तिखट-मीठ, तेलाची बाटली. मागं कडबा आणि ढेपेचं पोतं, धुऱ्याखाली कंदील, आखाजवळ वंगणाचं नळकांडं. पोराच्या त्या ट्रेलरमध्ये जे जे आहे ते सगळं यात होतं. टाकीऐवजी मातीची घागर होती, एवढाच फरक.

गावातून दहा बंड्या निघाल्या. रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट, उमरानाला, छिंदवाडा, परासिया, जुन्नारदेव. जुन्नारदेवला महादेवाची 'पहिली पायरी' मानतात. तिथं माथा टेकून पुढं भुरा भगतापर्यंत. तिथून बंड्या सोडून पायी चौरागड. जायला सहा मुक्काम लागले.

सिल्लेवानीचा घाट मला आजही स्वप्नात दिसतो. चढणीवर एका जोडीचं काम नाही. खालच्या बंडीचे बैल सोडून वरच्या बंडीला लावायचे, ती माथ्यावर पोचवायची आणि चारही बैल परत खाली आणायचे. आम्हा पोरांना एकच काम होतं. बैल दम खायला थांबले की पळत जाऊन चाकामागे दगड लावायचा. दगड लावायला उशीर झाला तर बंडी माणसांसकट मागं.

घाटातच एका बंडीचा आख कडकन मोडला. त्या बंडीतलं सामान, दोन म्हाताऱ्या आणि एक बाळंतीण, सगळ्यांची उरलेल्या नऊ बंड्यांमध्ये वाटणी झाली. सुतारकाका यात्रेत होतेच. त्यांनी लाकूड मिळवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आख बसवला. तोवर कोणीच पुढं गेलं नाही. त्या रात्री घाटात रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, आणि महादेवाची गाणी पहाटेपर्यंत चालली. आख मोडल्याचं दुःख मला तरी आठवत नाही.

आता मुलगा म्हणतो की परदेशात हा प्रकार फार जुना आहे. खरं आहे. इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरानं १८८५ साली फिरायला जाण्यासाठी खास गाडी बनवून घेतली. नाव 'वाँडरर', ओढायला दोन घोडे. हौसेच्या कॅराव्हॅनची सुरुवात तिच्यापासून सांगतात. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रानंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण फरक बघा. डॉक्टरसाहेबांची गाडी फिरण्यासाठीच बनली होती. आमची बंडी वर्षभर राबून पंधरा दिवस फिरायला जायची.

हा फरक मला बँकेत आल्यावर कळला, आणि तोही उशिरा. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खेड्यात कर्ज पोचू लागलं. मी बी.कॉम. होऊन १९७३ ला लागलो. पुढं २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकासखंडांत आला. त्यात लहान शेतकऱ्याला २५ टक्के, अत्यल्प भूधारकाला आणि मजुराला ३३⅓ टक्के, आदिवासीला ५० टक्के अनुदान असे. बैलजोडी आणि बंडी यांची कर्जं मी स्वतः कितीतरी केली. तेव्हा रबरी टायरची 'डनलप' गाडी आली होती. डांबरी रस्त्यावर बैलाला हलकी, मालही जास्त घेणारी. बंगळूरच्या भारतीय प्रबंध संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी त्याच काळात बैलगाडी सुधारण्यासाठी धडपडत होते. मोठ्या संस्थेचा माणूस बंडीचा विचार करतो याचं आम्हा खेड्यातल्या फील्ड ऑफिसरांना फार कौतुक वाटे.

एकदा मी तपासणीला गेलो तर कर्जाची बंडी घरी नाही. म्हातारी म्हणाली, "महादेवाले गेली साहेब, घरचे सारेच गेले." मी तरुण, नियमाचा पक्का. शेरा मारला, 'तारण जागेवर आढळले नाही. कर्जाचा उद्देश सोडून वापर.' नोटीस गेली. महिन्याभरात तो माणूस शाखेत आला. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात प्रसादाचा नारळ. हप्ता भरला आणि म्हणाला, "साहेब, बंडी वर्षभर तुमच्या हप्त्यासाठी धावते. पंधरा दिवस देवासाठी धावली तं काय बिघडलं?" संत्र्याच्या भाड्यावर त्यानं सगळं कर्ज मुदतीआधी फेडलं. तो शेरा मात्र मी खोडला नाही. नियमानं बरोबर होता, पण आज आठवला की लाज वाटते.

तर वादाकडे येतो. मी जुन्या सवयीनं कागद घेतला. सात लाखांवर सात टक्के व्याज गेलं, म्हणजे ४९ हजार. पहिल्या वर्षीचा घसारा १५ टक्के धरला तर १ लाख ५ हजार. एकूण १ लाख ५४ हजार. वर्षात चार-चार दिवसांच्या तीन सहली, म्हणजे १२ दिवस. एका दिवसाला जवळजवळ १२ हजार ८०० रुपये. विमा, नोंदणी, टायर, उभा करायची जागा वेगळी. शिवाय पचमढीचा परिसर सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा. मनात येईल तिथं जंगलात मुक्काम करता येत नाही. कागद पोरापुढं सरकवला.

त्यानं तो वाचला आणि म्हणाला, "बाबा, हिशोब बरोबर आहे. पण मोठ्या बाबांचं वय तुमच्या घसाऱ्यात कुठं धरलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिनं स्वयंपाकघरातून सांगितलं, "ज्याले न्यायचं हाय त्यालेच विचारा ना."

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. आमच्या बंडीचं एक चाक अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. भाऊंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून ट्रेलर नीट पाहिला. त्यांना आवडला. खोटं कशाला सांगू, फारच आवडला. "चाक लहान हाय, पण उंच बसवलं," म्हणाले. मग विचारलं, "आख मोडला तं?"

"फोन करू मोठे बाबा, कंपनीचा माणूस येते."

"बरं. अन् संगं किती बंड्या निघतात?"

पोरगा म्हणाला, "आपण तिघं-चौघं. आपलीच एक."

भाऊंनी मोबाइल परत दिला. "एकट्या बंडीनं कोणी महादेवाले जाते का, बाप्पा," एवढंच बोलले आणि बैठकीतून उठून गोठ्याकडे गेले.

परत येताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सौंसर सुटल्यावर पोरानंच विषय काढला. ठरलं ते असं. ट्रेलर सध्या नाही. पुतण्याच्या संत्र्याच्या बागेत मालवाहू पिकअप आहे, ती वर्षभर राबते. तिच्यावर कमानी आणि तट्टे बांधायचे, खाली गाद्या, भाऊंसाठी नीट बैठक. मुलाची जीप पुढं. आणि १९६१ च्या त्या दहा बंड्यांपैकी ज्या ज्या घरात आज कोणी आहे त्यांना विचारायचं. आतापर्यंत चार घरांनी हो म्हटलं आहे. त्यातलं एक घर आख मोडलेल्या बंडीचं. ती बाळंतीण आता नाही, पण तेव्हा कुशीत असलेला तिचा मुलगा ६५ च्या घरात आहे आणि येतो म्हणतो.

एफडी मी मोडलेली नाही. पण पोराला सांगून ठेवलंय. यात्रेहून आल्यावर, वर्षातून पाच-सहा घरं पाळीपाळीनं वापरणार असतील आणि सगळे मिळून पैसे घालणार असतील, तर तुझा ट्रेलर पुन्हा कागदावर मांडू. तेव्हा भागाकारात १२ च्या जागी मोठा आकडा येईल.

आपल्यापैकी कोणाच्या घरी या वाटेच्या मुक्कामांची आठवण असेल तर जरूर लिहा. जुन्नारदेवच्या पुढं बंड्या कुठं सोडत, पाणी कुठं मिळे, हे भाऊंना नीट आठवत नाही आणि मला तर मुळीच नाही. महाशिवरात्रीला फार दिवस उरले नाहीत.

चूकभूल द्यावी घ्यावी.