अंधाराच्या शोधात: पुणे ते पेंच

रायपूरच्या समता कॉलोनीतील गच्चीवरून हिवाळ्यात मृग नक्षत्र ओळखता येते, व्याध ठळकपणे चमकतो, गुरू आणि शुक्र तर सहज सापडतात. आकाशगंगेचा पट्टा मात्र दिसत नाही. तो पाहायचा असेल तर गाडी काढून शहराबाहेर जावे लागते. किती दूर आणि कोणत्या दिशेला, हा प्रश्न हौशी निरीक्षकाला आज पडतो. भारतातील वेधशाळांना तो विसाव्या शतकातच पडला होता, आणि त्यांनी शोधलेली उत्तरे आजही मार्गदर्शक आहेत.

या इतिहासाचा आरंभ भर शहरात होतो. 1888मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात वेधशाळा स्थापन झाली. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या देखरेखीखाली तेथे 20 इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण काम करू लागली. त्या काळी ती भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. ती नगरात उभारण्यात कोणालाही वावगे वाटले नाही, कारण पुण्याची रात्र तेव्हा खरोखरच काळोखी होती. 1912मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिच्या जाण्याला दिव्यांचे कारण नव्हते. पुढच्या पिढीची स्थिती वेगळी होती.

हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी 1901मध्ये सुरू केलेली निजामिया वेधशाळा पुढे बेगमपेठेत स्थिरावली आणि ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-सूचीत तिने मोलाचा वाटा उचलला. शहर वाढत तिच्याभोवती आले. अखेर उस्मानिया विद्यापीठाने 48 इंची नवी दुर्बीण शहरापासून पन्नासहून अधिक किलोमीटर दूर, जपाल-रंगापूर येथे उभारली. 1968मध्ये ती कार्यान्वित झाली.

याच निजामिया वेधशाळेत काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाचे पुत्र वेणू बाप्पू 1960मध्ये कोडाईकनालचे संचालक झाले. रात्रीच्या निरीक्षणांसाठी त्यांनी दक्षिण भारतात जागांचा शोध घेतला आणि तमिळनाडूच्या जवादी टेकड्यांतील कावलूर निवडले. 1968मध्ये तेथे 38 सेंटिमीटरच्या साध्या दुर्बिणीने काम सुरू झाले. 10 मार्च 1977 रोजी युरेनसने एका ताऱ्याला झाकले, तेव्हा या ग्रहाच्या कड्यांचा पुरावा कावलूरच्या नोंदींतही सापडला. पुढे सप्टेंबर 2000मध्ये लडाखमधील हानले येथे सुमारे 4500 मीटर उंचीवर 2 मीटरच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीने पहिला प्रकाश टिपला. त्यानंतर काही आठवड्यांतच, 1 नोव्हेंबरला, छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. आयुकाने 2006मध्ये आपली 2 मीटरची दुर्बीण पुण्यात न बसवता सुमारे 80 किलोमीटर अंतरावरील गिरवलीला नेली. शंभर वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या आवारात मिळणारा अंधार आता घाट ओलांडून गाठावा लागत होता.

दूर जाण्यामागे साधे गणित आहे. 1970च्या दशकात मर्ल वॉकर यांनी कॅलिफोर्नियातील शहरांच्या आकाशझळाळीची मोजमापे करून एक नियम मांडला: झळाळी शहराच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या अडीचाव्या घातानुसार घटते. अंतर दुप्पट केले की ती साडेपाच पटींहून अधिक कमी होते. परंतु निरीक्षक एकदाच दूर जातो आणि शहर मात्र दरवर्षी वाढत राहते. त्यात दिव्यांचा रंगही बदलला. हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशापेक्षा जवळपास तिप्पट विखुरला जातो. म्हणून निळसर पांढऱ्या एलईडीची झळाळी डोळ्यांना अधिक जाणवते. 2023मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरच्या नागरिकांनी 2011 ते 2022 या काळात केलेल्या निरीक्षणांवरून आकाशाची उजळणी वर्षाला सरासरी 9.6 टक्के आढळली. या वेगाने आकाश आठ वर्षांत दुप्पट उजळते.

दुसरा मार्ग अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ शहराने 1958मध्येच दाखवला होता. लोवेल वेधशाळेच्या या गावाने जाहिरातींच्या फिरत्या झोतदिव्यांवर बंदी घातली. दुर्बीण हलवण्याऐवजी दिवा आवरला. भारतात हा विचार उशिरा रुजला. डिसेंबर 2022मध्ये हानलेभोवतीचा 22 किलोमीटर त्रिज्येचा परिसर अंधारराखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. जानेवारी 2024मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. गावांत उजेड राहिला आणि आकाशही काळे राहिले.

समता कॉलोनीतून पेंच तीनशे किलोमीटरांहून दूर आहे; एका रात्रीच्या फेरीसाठी ते अवघड. जवळचा पर्याय निवडताना दिशा महत्त्वाची ठरते. पश्चिमेकडे भिलाई-दुर्ग, उत्तरेकडे उरला-सिलतराचे कारखाने असल्याने पूर्वेकडे जाणे हिताचे. त्या बाजूला सुमारे 100 किलोमीटरवर बारनवापारा अभयारण्य आहे. वॉकरच्या नियमानुसार शहरापासून 25 किलोमीटरवर जी झळाळी असेल, तिचा बत्तिसावा भागच 100 किलोमीटरवर उरतो, आणि जो उरतो तो पश्चिम क्षितिजाकडे. वनविभागाच्या नियमांनुसार तेथे मुक्काम करून, अमावस्येच्या आसपास पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पाहणे सोयीचे.

मात्र वाटेवरच्या गावांत उघडे, वर प्रकाश फेकणारे पांढरे दिवे लागत राहिले, तर हे 100 किलोमीटरही पुरणार नाहीत. जपाल-रंगापूरसाठी हैदराबादने पन्नास किलोमीटर पुरेसे मानले होते. शहर त्या दिशेनेही वाढले. पेंचच्या चार गावांनी दिव्यांवर टोप्या चढवल्या, त्याला नवे तंत्रज्ञान लागले नाही. बारनवापाऱ्याच्या सीमेवरील गावांना तेच करता येईल, आणि रायपूरच्या गच्चीवरही सुरुवात स्वतःच्या अंगणातील दिव्यापासून होऊ शकते.