बाग राखणारे

१८५७ सालच्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडील ओसाड, खडकाळ जमिनीवर पस्तीस वर्षांचा एक गृहस्थ चांगला पोशाख करून नोकरीवर रुजू होण्यास आला. त्याचे नाव फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. तेथील मुख्य इंजिनियर एग्बर्ट व्हीली याला हा नवा अधीक्षक मनापासून नको होता. त्याने एक माणूस बरोबर देऊन पाहुण्याला साऱ्या जागेतून हिंडवून आणले. वाटेत दलदल होती, डुकरांची खुराडी होती, हाडे उकळण्याचे कारखाने होते. ठिकठिकाणी काम करणाऱ्या मजुरांना चिखलाने माखत चाललेला हा साहेब पाहून मोठी मौज वाटली. ज्या माणसाची शेती तोट्यात गेली आणि ज्याचा प्रकाशनाचा धंदा नुकताच बुडाला, त्याची वार्षिक दीड हजार डॉलरांवर झालेली ही नेमणूक त्यांना थट्टेचीच वाटली असल्यास नवल नाही. त्याच्या अर्जावर वॉशिंग्टन अर्व्हिंग या वृद्ध ग्रंथकाराची सही होती, म्हणून तर तो निवडला गेला.

सेंट्रल पार्क या जगप्रसिद्ध उद्यानाची कथा सामान्यतः त्याच्या आराखड्याची कथा म्हणून सांगितली जाते. तो आराखडा थोर होता यात शंका नाही. परंतु आराखडा एकदाच काढावयाचा असतो; केर रोज काढावा लागतो. रोजचा केर कोणाच्या हुकुमाने निघतो, मजुराला कामावर कोण ठेवतो, रखवालदार कोणाला जबाबदार असतो, पैशाचा हिशेब कोण विचारतो, या प्रश्नांवरच त्या उद्यानाचे भाग्य पुढे दीडशे वर्षे हेलकावे खात राहिले.

उद्यानासाठी जमीन घेण्याचा कायदा १८५३ साली झाला. ती जमीन निर्मनुष्य नव्हती. सुमारे सोळाशे माणसांना तेथून उठविण्यात आले. त्यांत सेनेका नावाची वस्ती होती. १८२५ पासून कृष्णवर्णीय कुटुंबांनी पै पै जमवून घेतलेल्या जागेवर ती वसली होती. तिच्यात शाळा होती, तीन प्रार्थनामंदिरे होती. मोबदला मिळाला, पण गाव मोडले ते मोडलेच. लोकांसाठी म्हणून झालेल्या बागेच्या पहिल्या पानावरच ही नोंद आहे आणि ती पुष्कळ वर्षे कोणी वाचली नाही.

शहराच्या कारभाऱ्यांवर राज्याच्या विधिमंडळाचा विश्वास नसल्याने १८५७ साली बागेसाठी अकरा सभासदांचे स्वतंत्र मंडळ नेमले गेले. त्याच वर्षी बाजारात मोठी मंदी आली, पेढ्या बुडाल्या आणि हजारो माणसे बेकार झाली. भाकरी द्या नाही तर रक्त सांडेल, अशा अर्थाचे निशाण घेऊन जमाव ओल्मस्टेडच्या कचेरीवर आला. दुसरीकडे प्रत्येक नगरसेवक आपापल्या वॉर्डातील मतदारांच्या याद्या पाठवी. उपाशी माणसाला काम द्यावे हे खरे. परंतु वशिल्याने आलेल्या माणसाला कामावरून काढता येत नाही, हेही तितकेच खरे. ओल्मस्टेडने हजेरीपट नीट केले, मुकादमांकडून रोजच्या नोंदी मागितल्या, आणि जो कुचराई करील त्याला कोणाचीही चिठ्ठी असली तरी घरी पाठविले. थोड्याच महिन्यांत मजुरांचे हसणे बंद झाले.

१८५८ साली आराखड्यांची स्पर्धा झाली. आलेल्या तेहतीस आराखड्यांतून ओल्मस्टेड आणि त्याचा भागीदार, इंग्लंडहून आलेला शिल्पज्ञ कॅल्व्हर्ट व्हॉक्स, यांचा आराखडा पसंत पडला. त्यातील एक कल्पना कारभाराच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. शहराची वाहतूक अडीच मैल लांबीच्या या बागेला आडवी जाणार हे उघड होते. दोघांनी ते चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली, खंदकातून नेले. वरून फिरणाऱ्याला खालची गाडी दिसत नाही. आणि रात्री बाग बंद केली तरी रस्ता उघडा ठेवता येतो. घोडागाड्या आणि अग्निशामक बंब यांच्यासाठी केलेले ते रस्ते आजच्या मोटारींनाही पुरतात.

काम ठेकेदारावर न सोपविता बहुतांशी रोजंदारीने करण्यात आले. एका वेळी तीन हजारांहून अधिक माणसे कामावर असत. खडक सुरुंगाने फोडणे, दलदलीचे पाणी नळांनी काढून तळी करणे, बाहेरून माती आणून झाडे लावणे, हे सारे वर्षानुवर्षे चालले. १८५८ च्या डिसेंबरात तळे गोठले आणि लोकांना त्यावर घसरत खेळण्याची मोकळीक मिळाली. बर्फ पुरेसे घट्ट झाले की उंचावर एक गोळा चढविण्यात येई आणि ती खूण पाहून सारे शहर लोटत असे. बर्फाची जाडी रोज मोजणारा माणूस ठेवावा लागतो, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानात येत असेल?

ओल्मस्टेडचे खरे वैशिष्ट्य रखवालदारांच्या बाबतीत दिसून येते. असली बाग अमेरिकेतील लोकांनी पूर्वी पाहिलीच नव्हती. तेव्हा ती वापरावी कशी हे त्यांना कळण्याचे कारण नव्हते. म्हणून त्याने बागेसाठी निराळे रखवालदार उभे केले, त्यांना शिस्त लावली आणि लोकांशी आदबीने वागून नियम समजावून देणे हे त्यांचे मुख्य कर्तव्य ठरविले. नियम मात्र कडक होते. हिरवळीवर चालू नये, फूल तोडू नये. चेंडूफळी खेळावयाची तर ती शाळेतील मुलांनीच, आणि त्यांनीही गुरुजींचा दाखला आणावा! शिक्षकाच्या सहीला एवढे मोल क्वचितच आले असेल. या नियमांत एक कठोरपणाही होता. मजुराला आठवड्यातून रविवार तेवढा मोकळा. परंतु बागेतील वाद्यवृंद शनिवारी वाजे. रविवारच्या वादनाला १८८४ साली परवानगी मिळाली, तोवर एक पिढी लोटली होती.

मंडळाचा हिशेब अँड्र्यू हॅस्वेल ग्रीन या वकिलाच्या हाती होता. हा गृहस्थ कमालीचा प्रामाणिक आणि कमालीचा चिकट. एकेका सेंटसाठी तो अधीक्षकाला कारण विचारी, आणि ओल्मस्टेडचा जीव मेटाकुटीस येई. १८६० च्या ऑगस्टमध्ये गाडी उलटून ओल्मस्टेडची मांडी मोडली. त्यानंतर काही दिवसांतच त्याचे तान्हे मूल दगावले. तरी हा माणूस डोलीत बसून, इतरांच्या खांद्यावरून बागेत हिंडून कामे पाहत असे. अशा माणसाकडे क्षुल्लक खर्चाचे खुलासे मागणे निष्ठुरपणाचे वाटते. परंतु ग्रीनची बाजूही सोडून देता येत नाही. ज्या शहरात सार्वजनिक पैसा पाण्यासारखा झिरपून जाई, तेथे या एका खात्यात चोरी झाली असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा झाली नाही, याचे श्रेय त्या चिकट हिशेबनिसाचे आहे. अनेकवार राजीनामे देऊन १८६१ साली ओल्मस्टेड यादवी युद्धातील सैनिकांच्या आरोग्यसेवेचे काम पाहण्यास निघून गेला. युद्धानंतर तो परतला, तेव्हाही ग्रीन जागेवरच होता.

ग्रीनची किंमत १८७० साली कळली. त्या वर्षी ट्वीड नावाच्या प्रसिद्ध पुढाऱ्याच्या टोळीने नवी सनद मंजूर करून घेतली, जुने मंडळ मोडले आणि बाग आपल्या माणसांच्या स्वाधीन केली. झाडांखालची दाट झुडपे साफ करण्यात आली, फांद्या छाटण्यात आल्या. नव्या कारभाऱ्यांपैकी हेन्री हिल्टन याने तर देवमाशाच्या सांगाड्याला पांढरा रंग फासविला. बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स हा इंग्लिश शिल्पकार १८६८ पासून बागेतील नियोजित संग्रहालयासाठी लुप्त झालेल्या अजस्र सरड्यांच्या आकृती घडवीत होता. डिसेंबर १८७० मध्ये ते संग्रहालय रद्द झाले, आणि पुढील मे महिन्यात माणसे पाठवून त्या आकृती हातोड्यांनी फोडून पुरून टाकण्यात आल्या. याचा दोष शंभर वर्षांहून अधिक काळ ट्वीडच्या माथी मारला जात असे. २०२३ साली ब्रिस्टलच्या दोन संशोधकांनी हे कृत्य हिल्टनचेच होते असे कागदपत्रांवरून दाखविले. जाब विचारणारा कोणी नसला म्हणजे एका अधिकाऱ्याची लहर तीन वर्षांची मेहनत एका दिवसात मातीत घालू शकते.

१८७१ साली वृत्तपत्रांनी टोळीचे बिंग फोडले. ग्रीन साऱ्या शहराचा हिशेबनीस झाला, ओल्मस्टेड आणि व्हॉक्स परत आले. पण जुनी घडी बसली नाही. १८७३ साली ओल्मस्टेडने रखवालदारांना अखंड फेऱ्या घालण्याची नवी पद्धत लावली. तीवर ते रुष्ट झाले आणि वरिष्ठांनी त्याची पाठराखण केली नाही. १८७८ च्या जानेवारीत त्याला दूर करण्यात आले. चार वर्षांनी त्याने एक पत्रक छापून या साऱ्या लुटीचा पाढा वाचला. ते वाचताना त्याच्या रागापेक्षा त्याचा थकवाच अधिक जाणवतो.

पुढील अर्धशतक थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. शहर वाढले, बागेची खाती पाच विभागांत वाटली गेली आणि नेमणुका पक्षाच्या कृपेने होत राहिल्या. १९३४ च्या जानेवारीत महापौर ला ग्वार्डिया यांनी पाचही विभाग एक करून ते रॉबर्ट मोझेस यांच्या हाती दिले. मोझेस यांनी बेकारनिवारणाच्या सरकारी पैशातून दहा हजारांनी मजूर घेतले आणि त्या ऐन हिवाळ्यात, रात्रीही दिवे लावून, काम करविले. सेंट्रल पार्कमधील मेंढ्यांचा कळप त्याच वर्षी हलविण्यात आला आणि मेंढवाड्याचे उपाहारगृह झाले. डिसेंबरात नवे प्राणिसंग्रहालय उघडले. १९३६ च्या उन्हाळ्यात शहरात एकामागून एक अकरा पोहण्याचे तलाव खुले झाले. एवढी कर्तबगारी ओल्मस्टेडलाही साधली नसती. परंतु कृष्णवर्णीयांच्या हार्लेमला त्यातून फार थोडे मिळाले, आणि कोणाचे ऐकून घेणे मोझेस यांच्या स्वभावात नव्हते. १९५६ च्या एप्रिलमध्ये त्याच उपाहारगृहाच्या मोटारी उभ्या करण्यासाठी त्यांनी झाडीचा एक तुकडा सपाट करावयास काढला. शेजारच्या स्त्रिया बाबागाड्या घेऊन यंत्रापुढे उभ्या राहिल्या. तेव्हा एका रात्री यंत्रे आणून झाडे पाडण्यात आली. प्रकरण न्यायालयात आणि वृत्तपत्रांत गेले, मोझेस यांना माघार घ्यावी लागली, आणि त्या जागी मुलांचे क्रीडांगण झाले.

१९७५ च्या सुमारास शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली, तेव्हा पहिली कुऱ्हाड बागेच्या नोकरवर्गावर पडली. मेंढ्यांच्या नावाची ती हिरवळ धुळीचे मैदान झाली. १९७९ साली एलिझाबेथ बार्लो रॉजर्स या विदुषीला केवळ या एका बागेचे प्रशासक नेमण्यात आले, आणि १९८० साली खाजगी देणग्यांवर चालणारी एक संस्था स्थापन होऊन शहराच्या सोबतीने कारभार पाहू लागली. १९९६ पासून बागेचे एकोणपन्नास भाग पाडून प्रत्येक भाग एका माळ्याच्या स्वाधीन करण्यात आला. कोणत्या भागात गवत करपले, कोठे बाक मोडला, याचा जाब कोणाला विचारावा हे त्यामुळे नेमके ठरले. पूर्वी पथके शहरभर फिरत आणि जबाबदारी कोणावरच नसे. १९९८ मध्ये शहराने संस्थेशी रीतसर करार केला.

बाग पुन्हा हिरवी झाली. मात्र तिच्याभोवती शहरातील अतिधनाढ्य लोकांची घरे आहेत. ब्राँक्समधील एखाद्या बागेच्या शेजाऱ्याने देणगी कोठून द्यावी? २०१३ साली डॅनियल स्क्वाड्रन या राज्य विधिमंडळाच्या सभासदाने सुचविले की, श्रीमंत बागांच्या संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा गरीब वस्त्यांतील बागांना द्यावा. ती सूचना काही कायदा झाली नाही. दोन वर्षांनी अशा काही संस्थांनी, सेंट्रल पार्कच्या संस्थेसह, थोडा पैसा आणि काही माणसे व साहित्य इतर बागांसाठी देण्याचे आपण होऊन कबूल केले.