महिंद्रा युनायटेड : एका सहीचं खातं

आपल्या वासण्यात क्रिकेटखेरीज बोलणं नाही, म्हणून आज जरा फुटबॉलचं. बँकेत असताना मुंबईला बदली झाली होती, तेव्हा कूपरेजवर महिंद्राचे सामने पाहिले.

कंपनीने हा संघ १९६२ साली काढला. १९९८ मध्ये ड्युरँड चषक मिळाला, पुढे ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव आलं. २००५-०६ च्या हंगामात डेरिक परेरा प्रशिक्षक असताना फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय लीग, दोन्ही घरात! मुंबईच्या संघाने ही लीग पहिल्यांदाच जिंकली. २००८ मध्ये पुन्हा ड्युरँड. आणि २०१० मध्ये संघच बंद! यापुढे पैसा शालेय फुटबॉलला, असं कंपनीने सांगितलं.

मेक्सिकोचा नेकाक्साही असाच, १९२३ मध्ये वीज कंपनीतून निघालेला. मालक बदलले, १९७१ ला नाव गेलं, १९८२ ला परत आलं, २००३ मध्ये शहरही सुटलं. तरी क्लब आजही खेळतो आहे.

आमच्या महिंद्राच्या खात्यावर चषक भरपूर जमा होते, पण खातं एकाच सहीवर चालायचं. आपली मंडळं चालवणाऱ्या तरुणांनी एवढं ध्यानात ठेवावं.

कूपरेजच्या आठवणी कुणाकडे असतील तर जरूर लिहा.